पाळीची तारीख: शिरूर तालुक्यातील आरोग्य कार्यकर्त्या आणि वैद्यकीय संशोधन

शिरूर तालुक्यात गेल्या पन्नास वर्षांत झालेले वैद्यकीय संशोधन बहुतांशी घरोघर फिरणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्यांच्या हातून झाले आहे. पुणे-नगर रस्ता लोणीकंद, कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर असा करत रांजणगावच्या महागणपतीपाशी येतो आणि पुढे शिरूरकडे जातो. दक्षिणेला भीमेपलीकडे दौंड तालुका लागतो. अष्टविनायकांच्या यात्रेसाठी आणि अलीकडे औद्योगिक वसाहतींसाठी ओळखल्या जाणाऱ्या या पट्ट्यात नवजात बाळाच्या वजनापासून रोटाव्हायरसच्या लशीपर्यंत कितीतरी प्रश्नांचा अभ्यास झाला. निष्कर्ष डॉक्टरांच्या नावांनी जगभरच्या नियतकालिकांत छापून आले. त्या निष्कर्षांखालचा आकडा मात्र कुणीतरी दारात थांबून विचारलेला, काट्यावर वाचलेला आणि कागदावर उतरवलेला होता.

तालुक्याचा बराच भाग पर्जन्यछायेत येतो. धरणे आणि कालवे होण्यापूर्वी बाजरी-ज्वारीवर भागवायचे आणि पाऊस हुकला की खडी फोडायला जायचे, अशी इथली रीत होती. १९७२च्या मोठ्या दुष्काळाच्या साली पुण्याच्या केईएम रुग्णालयाने शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुक येथे ग्रामीण आरोग्याचे काम हाती घेतले. ते सुरू करणाऱ्या डॉ. बानू कोयाजी यांचा जन्म १९१७ साली मुंबईत झाला. १९४४ पासून त्या केईएममध्ये होत्या. चाळीस खाटांच्या प्रसूतिगृहाचे मोठे रुग्णालय होताना त्यांनी पाहिले होते, किंबहुना ते त्यांनीच उभे केले होते. खेड्यातून शेवटच्या घटकेला येणाऱ्या बाळंतिणी त्यांच्या रोजच्या पाहण्यातल्या होत्या. रुग्णालय कितीही वाढवले तरी हा उशीर संपणार नाही आणि उपाय गावातच बसवावा लागेल, या निष्कर्षाला त्या आल्या. डॉक्टर गावात राहायला तयार नव्हते, म्हणून गावातल्याच माणसांना शिकवायचे ठरले. वढूच्या प्रकल्पाने गावोगावचे स्त्री-पुरुष निवडून त्यांना साध्या आजारांवरचे उपचार, गरोदरपणातली काळजी, लसीकरण आणि कुटुंबनियोजन यांचे शिक्षण दिले. १९९३ साली कोयाजींना लोकसेवेसाठीचा रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तेव्हा या कामाची मुख्यत्वे दखल घेतली गेली.

हा विचार त्या काळी महाराष्ट्रात अनेक ठिकाणी एकदम रुजत होता. शेजारच्या नगर जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केले आणि पुढे निरक्षर स्त्रियांनाही गावच्या आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केले. रायगड जिल्ह्यातल्या मांडव्याला डॉ. नोशीर अंटिया आणि तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या कासा येथे डॉ. पी. एम. शाह यांचे प्रयोग चालू होते. २ ऑक्टोबर १९७७ रोजी केंद्र सरकारने हजार वस्तीमागे एक आरोग्य कार्यकर्ता नेमण्याची देशव्यापी योजना काढली. तीन महिन्यांचे प्रशिक्षण आणि महिना ५० रुपये मानधन, असे तिचे स्वरूप होते. पुढच्याच वर्षी अल्मा-आटाच्या जागतिक परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचा पुकारा केला. सरकारी योजना फार काळ जोमात राहिली नाही. कार्यकर्ता सरकारला जबाबदार की गावाला, हे तिने कधी स्पष्ट केले नाही.

या कार्यकर्त्यांकडे सुरुवातीला सेवेचेच काम होते. संशोधनाची वाट त्यांच्या नोंदवहीतून निघाली. रुग्णालयाला फक्त अंश कळतो, छेद कळत नाही. प्रसूती विभागात किती बाळे दगावली ते वॉर्डाचे रजिस्टर सांगते. गावात एकूण किती जन्मली, किती घरीच गेली आणि किती गर्भ पोटात टिकलेच नाहीत, हे त्यात नसते. हा छेद हातात असल्याशिवाय मृत्युदर काढता येत नाही आणि एखाद्या उपायाने तो घटला की नाही, हेही ठरत नाही. गावात राहणाऱ्या बाईला ते माहीत असते. कुणाच्या घरी पाळणा हलला, कोणती सून माहेरी गेली, कोणाचे मूल तिसऱ्या दिवशी गेले आणि कुणालाही न सांगता पुरले, हे तिला विचारावे लागत नाही. या जाणिवेला ठरावीक रकान्यांत बसवले की तिचा विदा होतो. सार्वजनिक आरोग्याच्या शास्त्राने गावच्या बाईकडून घेतलेले हे सर्वांत मोठे उसने आहे.

ही शक्यता कुठवर ताणता येते, हे महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला गडचिरोलीत दिसले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथे १९८६ साली ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. मुलांच्या न्यूमोनियावरचा त्यांचा अभ्यास १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. ५८ गावांत आरोग्य सेवक, गावचे कार्यकर्ते आणि सुइणी यांनी न्यूमोनिया ओळखून औषध दिले, तर तुलनेसाठीच्या ४४ गावांत नेहमीचीच व्यवस्था राहिली. मोजणी न येणाऱ्या सुइणीने बाळाचे श्वास मोजायचे कसे, हा प्रश्न होता. त्यासाठी एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी असलेले साधन तयार झाले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी आला, तर न्यूमोनिया. लहान बाळासाठी वेगळी ओळ, मोठ्यासाठी वेगळी. निरक्षर सुईण या साधनाने डॉक्टरसारखे निदान करू लागली.

त्यापुढचा प्रयोग नवजात बाळांचा होता. ३९ गावांतल्या जेमतेम शाळा शिकलेल्या स्त्रियांनी ‘आरोग्यदूत’ म्हणून बाळंतपणाला हजर राहायचे, बाळाचे वजन आणि तापमान घ्यायचे, ठरलेल्या दिवशी पुन्हा घरी जायचे आणि जंतुदोषाची लक्षणे दिसली तर जेंटामायसिनचे इंजेक्शनही द्यायचे. तुलनेला ४७ गावे होती. १९९९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा तिसऱ्या वर्षातला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी खाली आला होता. खेड्यातल्या बाईच्या हाती इंजेक्शन देणे अनेक डॉक्टरांना पटणारे नव्हते. तिनेच ठेवलेल्या नोंदींनी वाद मिटवला. २०११ पासून आशा कार्यकर्त्यांनी नवजात बाळाच्या घरी भेटी देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, तो याच प्रयोगावर उभा आहे. गडचिरोलीत उपचार करणारी आणि नोंद ठेवणारी बाई एकच होती, हे तिथले वैशिष्ट्य.

शिरूरकडच्या गावांत संशोधनाने वेगळी वाट धरली. केईएममधले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना प्रश्न पडला होता की अंगाने किरकोळ असलेल्या भारतीयांना मधुमेह इतका का होतो आणि इतक्या लवकर का होतो. इंग्लंडमध्ये साउदम्प्टनचे डेव्हिड बार्कर यांनी मांडले होते की मोठेपणीच्या आजारांची बीजे आईच्या पोटात पडतात. हे तपासायचे तर गर्भ राहण्याआधीपासून आई पाहायला हवी होती. त्यासाठी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ सुरू झाला. या गावांतल्या विवाहित स्त्रियांची घरोघर गणना झाली आणि दिवस गेलेले नसलेल्या २,४६६ स्त्रियांची मापे आधीच घेऊन ठेवली गेली.

मग सुरू झाले ते काम, ज्याच्याशिवाय हा अभ्यास झालाच नसता. क्षेत्र कार्यकर्ती दर महिन्याला प्रत्येकीच्या घरी जाई आणि शेवटची पाळी कधी आली, ती तारीख लिहून घेई. वाचायला हे अगदी सोपे वाटते. पाळीच्या दिवसांत बाजूला बसण्याची रूढी पाळणाऱ्या घरात, सासूच्या देखत, शक्यतो पुरुष बाहेर असताना, तोच खाजगी प्रश्न महिन्यामागून महिना विचारायचा आणि त्याचे खरे उत्तर मिळवायचे होते. कॅलेंडरची तारीख लक्षात नसेल तर संकष्टी, अमावस्या, बाजाराचा दिवस, यात्रा अशा खुणांनी ती पकडावी लागते. बाहेरून आलेल्या डॉक्टरला हे उत्तर मिळणे अवघड होते. त्याच भागात वावरणाऱ्या, नावाने ओळखल्या जाणाऱ्या ताईला ते मिळत गेले. पाळी चुकली की पुढची तपासणी ठरे. पंधरा ते अठरा आठवड्यांच्या सुमारास सोनोग्राफी होई. बाळ लहान भरले, तर ते दिवसाआधी जन्मल्यामुळे की पोटात कमी वाढल्यामुळे, याचा निवाडा मुळात त्या तारखेवर अवलंबून होता.

आहाराची नोंद त्याहून किचकट होती. काल सकाळपासून काय खाल्ले, हे विचारायचे, म्हणजे भाकरी किती आणि केवढी, कालवणात डाळ किती, भाजी कोणती, चहात दूध किती, हे सगळे वाटी-पळीच्या मापात उतरवायचे. घरात सर्वांत शेवटी जेवणाऱ्या सुनेला स्वतःच्या ताटाचा हिशेब द्यायची सवय नसते. शिवाय उरलेसुरले खाल्ले म्हणून सांगायला कोणालाही संकोच वाटतो. कामाचीही नोंद होती. शेतातली मजुरी, पाणी भरणे, धुणे यांत किती वेळ जातो, हे विचारले जाई. आहारावरचा लेख २००१ साली आला. त्यात दिसले की हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध यांचे प्रमाण बाळाच्या आकाराशी जोडलेले आहे, नुसत्या उष्मांकांचा संबंध तितका स्पष्ट नाही. कामाविषयीचा लेख २००३ साली आला. गरोदरपणी जास्त राबणाऱ्या स्त्रियांची बाळे लहान भरतात, असे त्यात निघाले. डोक्यावरच्या हंड्याचा भार बाळाच्या वजनात उतरतो, हे आकड्यांत मांडता आले, कारण कार्यकर्त्यांनी हंड्याविषयी विचारले होते.

जन्मानंतर ७२ तासांच्या आत बाळाचे वजन, लांबी, डोक्याचा व पोटाचा घेर आणि कातडीच्या घडीची जाडी मोजायची होती. बाळंतपण घरी होवो की दवाखान्यात, बातमी वेळेत पोहोचली पाहिजे आणि माणूस वेळेत पोहोचला पाहिजे. पहिलटकरीण माहेरी जाते, ही रीत अशा वेळी अडचणीची ठरते, कारण तीन दिवसांची मुदत सासर-माहेर बघत नाही. मोजणाऱ्यांना पुन:पुन्हा एकत्र बसवून, एकाच बाळावर सगळ्यांची मापे जुळतात का, हे तपासावे लागते. मिलिमीटरचा फरक हाताच्या सवयीने पडला, तर तो बाळाचा फरक म्हणून छापला जाण्याचा धोका असतो.

या मापांतून २००३ साली जे निघाले, त्याने भारतीय मधुमेहाविषयीची समजूत बदलली. इथल्या मातांची सरासरी उंची १५२ सेंटिमीटर होती. बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तर साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पुण्याकडची बाळे सर्वच मापांत लहान होती, पण सारखी लहान नव्हती. पोट आणि स्नायू खूप कमी, तर पाठीवरच्या कातडीखालची चरबी जवळजवळ तितकीच. दिसायला काटकुळे आणि आतून चरबीचे, असे हे बाळ. पाठीवरची ती घडी चिमट्यात धरून वाचलेली नसती, तर कमी वजनाचे बाळ एवढीच नोंद राहिली असती. पुढे मातांच्या साठवलेल्या रक्तात दोन तृतीयांश जणींना बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. २००८च्या लेखात दिसले की ज्यांच्या आईत फॉलेट जास्त आणि बी-१२ कमी होते, त्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनला प्रतिरोध सर्वाधिक होता. गरोदर बाईला लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या देऊन थांबणाऱ्या धोरणापुढे त्या सहा गावांनी बी-१२चा प्रश्न ठेवला.

२००२च्या ऑगस्टमध्ये वढूला आणखी एक व्यवस्था सुरू झाली. शिरूर आणि हवेली तालुक्यांतल्या २२ गावांची पूर्ण मोजदाद झाली, प्रत्येक घराला आणि माणसाला क्रमांक मिळाला आणि त्यानंतर ठरावीक मुदतीने प्रत्येक घरी जाऊन जन्म, मृत्यू, लग्न, कोण आले, कोण गेले, ही नोंद अद्ययावत होऊ लागली. आफ्रिका आणि आशियातल्या अशा केंद्रांच्या ‘इनडेप्थ’ या जाळ्यात वढू सामील झाले. सगळ्या कामांत जड काम मृत्यूच्या चौकशीचे. दाखल्यावर कारण नसते, असले तरी ‘हृदय बंद पडून’ एवढेच असते. म्हणून कार्यकर्ता काही काळ जाऊ देऊन त्या घरी जातो आणि शेवटच्या आजारात काय काय झाले, ताप किती दिवस होता, धाप लागत होती का, हे घरच्यांकडून क्रमाने ऐकतो. त्या जबानीवरून पुढे डॉक्टर किंवा संगणक मृत्यूचे कारण ठरवतो. आईला तिच्या गेलेल्या मुलाविषयी एकामागून एक प्रश्न विचारायचे की आधी नुसते ऐकून घ्यायचे, हे छापील प्रश्नावली सांगत नाही. ते कार्यकर्त्यालाच ठरवावे लागते.

दरम्यान रस्त्याकडेची गावे ओळखू न येण्याइतकी बदलली होती. सणसवाडी, कोरेगाव भीमा, रांजणगाव येथे कारखाने आले, शेतात खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या आणि मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेशातून आलेली कुटुंबे तिथे भाड्याने राहू लागली. गाव म्हणजे एकमेकांना ओळखणारी घरे, ही जुन्या आरोग्य कार्यकर्त्याची मूळ भूमीच सरकली. दिवसपाळी-रात्रपाळीत अडकलेला कामगार, सहा महिन्यांत बदलणारी खोली, दाराला कुलूप. स्थलांतराची नोंद ही इथल्या सर्वेक्षणातली सर्वांत कष्टाची नोंद झाली. तरीही या पट्ट्याचा आरोग्याचा इतिहास पुढे लिहायचा तर हीच नोंद सर्वांत मोलाची ठरेल.

ज्याच्या पाठीशी अशी गणना आहे, त्या भागात लशीची चाचणी विश्वासाने घेता येते. गोवराची लस सुईऐवजी श्वासातून देता आली, तर प्रशिक्षित परिचारिकेची गरज कमी होईल, या आशेने जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने केईएमच्या ग्रामीण कार्यक्षेत्रात चाचणी झाली. नऊ महिने पूर्ण झालेल्या, पण वर्षाच्या आतल्या २,००४ बाळांचा तिच्यात समावेश होता. २०१५ साली निष्कर्ष आला: ९१व्या दिवशी सुईने लस दिलेल्या ९४.६ टक्के बाळांत प्रतिपिंडे दिसली, श्वासातून दिलेल्या ८५.४ टक्के बाळांत. नवी पद्धत जुन्या पद्धतीपेक्षा उणी ठरली. असा नकारार्थी निष्कर्ष ठाम असायचा, तर ९१व्या दिवशी ती बाळे हजर असावी लागतात. त्यांना शोधून आणणारे पाय कार्यकर्त्यांचे होते. रोटाव्हायरसवरील ‘रोटाव्हॅक’ या भारतीय लशीची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी २०११ साली सुरू झाली, तेव्हा दिल्ली आणि वेल्लोरबरोबर पुण्याचे केंद्र होते. एकूण ६,७९९ बाळे, आणि बाळाला जुलाब झाले की काय याची घरोघर सतत विचारपूस. रोटाव्हायरसच्या तीव्र जुलाबांविरुद्ध लशीची परिणामकारकता सुमारे ५४ टक्के आढळली आणि २०१६ पासून ती राष्ट्रीय लसीकरणात आली.

चाचणीत कार्यकर्त्याची भूमिका नाजूक होते. तो ओळखीचा असल्यामुळे दार उघडते, पण ओळखीच्या माणसाला नाही म्हणणेही अवघड जाते. संमतीपत्र वाचून दाखवणे, निरक्षर आईच्या अंगठ्यापाशी तटस्थ साक्षीदार बसवणे, ‘तुम्ही केव्हाही बाहेर पडू शकता’ हे वाक्य नुसते म्हणून न टाकता समजावणे, यांवर सारी नैतिकता टिकते. ते सुटले तर काय होते, हे तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या बडोद्यात एचपीव्ही लशीच्या प्रकल्पात देशाने पाहिले. वसतिगृहातल्या मुलींच्या संमतीपत्रांवर वॉर्डनच्या सह्या निघाल्या. २०१० साली तो प्रकल्प थांबवण्यात आला आणि २०१३ साली संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. त्याच वर्षी औषधचाचण्यांमध्ये संमतीचे दृकश्राव्य चित्रण करण्याची सक्ती आली, ती पुढे काही प्रकारांपुरती मर्यादित झाली. कॅमेऱ्याने पुरावा राहतो. समजले की नाही, हे मात्र अजूनही समोर बसलेल्या माणसालाच ताडावे लागते.

कार्यकर्त्यांचे स्वतःचे स्थान या पन्नास वर्षांत सुधारले, असे म्हणता येत नाही. १९७०च्या दशकातला गावचा आरोग्य कार्यकर्ता औषध देई आणि नोंदही ठेवी. आता ही दोन कामे फुटली आहेत. औषध आणि सेवा २००५ नंतर आलेल्या आशाताईकडे, तिचा मोबदला कामागणिक. नोंद संशोधन प्रकल्पाच्या कर्मचाऱ्याकडे, त्याची नोकरी बहुधा अनुदानाच्या मुदतीइतकी. प्रश्न विचारणारी ताई गोळी देत नाही, तेव्हा घरचे साहजिकच विचारतात की आमचा यात काय फायदा. वढूला केईएमचे ग्रामीण रुग्णालय जवळच असल्यामुळे या प्रश्नाला निदान दाखवण्यासारखे उत्तर होते. अनेक ठिकाणी तेही नसते. शोधनिबंधाच्या लेखकांत या माणसांची नावे क्वचितच येतात, शेवटच्या आभाराच्या ओळीत ‘क्षेत्र कार्यकर्ते’ असा सामूहिक उल्लेख असतो. ज्या तारखेवर निबंधाचा सगळा हिशेब उभा असतो, ती तारीख मिळवणे हे कौशल्य आहे, साधी हमाली नाही, आणि लेखकांच्या यादीत त्याला जागा न देणे हा अन्याय आहे.

सहा गावांतला अभ्यास मात्र अजून संपलेला नाही. त्या वेळी जन्मलेली मुले सहाव्या, बाराव्या, अठराव्या वर्षी पुन्हा तपासली गेली. २०१२ साली ती सतराच्या आसपास असताना त्यांच्यासाठी ‘प्रिया’ नावाची चाचणी सुरू झाली. बी-१२ आणि इतर सूक्ष्म पोषकद्रव्ये लग्नाआधीपासून दिली, तर पुढच्या पिढीच्या बाळाला फायदा होतो का, हे पाहायचे होते. ५५७ तरुण-तरुणींना गोळ्या सुरू झाल्या, त्यांत कुणाला बी-१२, कुणाला त्यासोबत इतर पोषकद्रव्ये, कुणाला नुसती दिसायला सारखी गोळी. गोळ्या पोहोचवणे, उरलेल्या मोजून परत घेणे, हे काम पुन्हा घरोघरचे. मुली लग्न होऊन दुसऱ्या गावी, दुसऱ्या जिल्ह्यात गेल्या, तशा कार्यकर्त्याही त्यांच्या सासरचे पत्ते शोधत गेल्या. १९९३ साली आईच्या दारात विचारलेला प्रश्न आता मुलीला विचारायचा होता: पाळी कधी आली होती? तिचे दिवस भरले की कळवायला सांगितलेले असे, आणि बाळ जन्मल्यावर नाळेतल्या रक्ताची बाटली व वजनाचा आकडा केईएमकडे जाई. त्या आकड्याशेजारी आईचे स्वतःचे जन्मवजन आधीच लिहिलेले होते.